पंचनाम्यातला निंब

फाल्गुनात निंबाची पानं गळतात. खानदेशात हे कुणाला शिकवावं लागत नाही. दोन-तीन आठवडे झाड अगदी उघडं दिसतं, मग तांबूस पालवी फुटते, आणि चैत्र संपेपर्यंत खाली जाड सावली धरते. हे मला माहीत होतं. पुढचं वाचताना एवढंच लक्षात ठेवावं, की हे मला माहीत होतं.

बहात्तरच्या दुष्काळाच्या दोनेक वर्षं आधीची गोष्ट. मी तेव्हा जळगावात सब-ओव्हरसिअर होतो. कोणत्या कचेरीत ते लिहीत नाही. चूक कचेरीची नव्हती, माझी होती. आम्ही भाड्यानं राहत होतो ती गल्ली जुनी आणि वाकडी. एका टोकाला कापसाची जिन, दुसऱ्या टोकाला बाजार. मधे जिथे गल्ली जराशी रुंद व्हायची तिथे निंब होता. त्याच्या खोडाला पाठ लावून एक मुसलमान शिंपी मशीन चालवायचा. टाचण्या ओठांत धरूनच तो बोलायचा आणि सगळे त्याला मास्टर म्हणायचे. समोर मारवाडी शेठचं कापडाचं दुकान होतं. आणि मास्टरच्या मशीनपुढे, गोणपाटाची घडी टाकून, रोज अकरा ते तीन माझे वडील बसलेले असत.

वडिलांना मी आबा म्हणायचो, म्हणून गल्लीही आबा म्हणायची. भडगावकडचं खेडं सोडून ते माझ्याकडे आले तेव्हा त्यांची नजर जवळजवळ गेली होती. उजेड कुठे आणि अंधार कुठे, एवढंच कळायचं. घराच्या दारातून निघालं की निंबाची सावली त्यांना एक काळा डाग दिसायची, आणि त्या डागाकडे ते चालत जायचे. ऐंशी-नव्वद पावलं होती. दिवसभरात तेवढीच पावलं ते कुणाचा हात न धरता चालायचे. एकदा मी सहज हात पुढे केला तर म्हणाले, "सोड. हाई मनं वावर शे." माझं शेत आहे, इथे मला वाट दाखवू नकोस.

त्या वर्षी गल्लीचा रस्ता मंजूर झाला. डांबरी रस्ता, कडेनं पक्की गटार, ट्यूबलाइटचे खांब. लोकांना ते हवं होतं, हे मी स्वतःला वाचवायला सांगत नाही. पावसाळ्यात तिथे पोटरीपर्यंत चिखल असायचा, सांडपाणी दारात यायचं. स्वतंत्रपणे माझ्याकडे सोपवलेलं ते पहिलंच काम. ड्रॉइंगवर ती गल्ली मी पट्टीनं सरळ करून टाकली. सरळ रेघ बरोबर निंबातून गेली.

आमचे साहेब भला माणूस. त्यांनी खोटं लिही असं सांगितलं नाही. म्हणाले, "झाड जितं असलं तर प्रस्ताव वर जाईल, परवानगी येईपर्यंत पावसाळा लागेल. वठलेलं असलं तर आपल्याच हातात आहे." आणि चहाला गेले.

त्याच आठवड्यात माझी मोठी बहीण, अक्का, धुळ्याहून येऊन आबांना घेऊन गेली. तिकडे डोळ्यांचं ऑपरेशन करायचं होतं. आबा धुळ्याला गेले आणि तिसऱ्या दिवशी मी कागद घेऊन निंबापाशी गेलो. ऐन फाल्गुन, एक पान नव्हतं. मी बुंध्याची साल नखानं खरवडली. आत हिरवं होतं, ओलं. नखाला कडू वास लागला. मी खिशातून पेन काढलं आणि लिहिलं: 'सदर झाड पूर्णपणे वठलेले असून रहदारीस धोकादायक आहे.'

पंच म्हणून शेठ आणि मास्टर यांनाच बोलावलं. शेठ चष्मा कपाळावर चढवून कागद वाचत राहिले.

"साहेब, पानं तर दरसाल गळतात."

"शेठ, तुमच्या दुकानापुढे ट्रक येऊन उभा राहील. गाठोडी डोक्यावरून आणायला नकोत."

शेठनी चष्मा खाली घेतला आणि सही केली. मास्टरनं ओठांतल्या टाचण्या काढून कॉलरला लावल्या. "मेलेला माणूस असला तर डॉक्टर नाडी बघतो," तो म्हणाला. "तुम्ही बघितली का, भाऊ?"

"बघितली," मी म्हणालो.

"मग झालं." त्यानं उर्दूत सही केली, उजवीकडून डावीकडे.

मजूर यायला तीन आठवडे लागले. तोवर झाडाला पालवी फुटली होती. पहिला मजूर कुऱ्हाड खांद्यावरच ठेवून वर बघत उभा राहिला. "साहेब, हे तर जितं आहे." मी त्याला पंचनामा दाखवला. त्याला वाचता येत नव्हतं. तरी त्यानं कागदाकडे बघितलं, झाडाकडे बघितलं, आणि कागदावर विश्वास ठेवला. दोन दिवसांत झाड गेलं, तिसऱ्या दिवशी मुळं खणली, महिन्याभरात वरून खडी आणि डांबर. काम वेळेत पुरं झालं. साहेबांनी पाठ थोपटली.

वैशाख लागता लागता मी आबांना आणायला धुळ्याला गेलो. धुळ्यातल्या गल्ल्या पट्टीनं आखल्यासारख्या आहेत, त्यांना नावाऐवजी नंबर आहेत. मला ते शहर फार आवडायचं. माझ्या ड्रॉइंगमागे खरं तर तेच होतं. आबा अक्काच्या ओट्यावर डोळ्यांवर हिरवी पट्टी बांधून बसले होते. ऑपरेशननं काही झालं नव्हतं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की फार आशा धरू नका. आता उजेड-अंधाराचाही फरक गेला होता.

"कंटाळले बघ," अक्का म्हणाली. "दोन महिने एकच पालुपद. घरी चल, घरी चल."

"आठे वारा सरळ येस नि सरळ जास," आबा म्हणाले. "थांबत नही कोठेच."

एस.टी.त पारोळ्याच्या पुढे त्यांनी विचारलं, "निंबले पालवी उनी व्हई?"

"आली होती," मी म्हणालो.

या दोन शब्दांत खोटं काहीच नव्हतं. म्हणूनच ते मला अजून टोचतात.

सांगायचं ठरवून होतो. दुसऱ्या दिवशी अकराला जिनचा भोंगा झाला, आबांनी गोणपाट बगलेत घेतलं आणि मी काही बोलायच्या आत उंबरा ओलांडला. काळा डाग आता त्यांना दिसत नव्हता, पण पावलं ठरलेली होती. मी दारात उभा राहून बघत होतो. डांबरावरून झळा उठत होत्या, त्या झळांमध्ये त्यांचं धोतर हलल्यासारखं दिसत होतं. शेठ हातात कापड मोजायचा गज धरून दुकानाच्या पायरीवर आले. त्यांच्या ओट्यावर पत्र्याखाली मास्टरला जागा मिळाली होती. त्याचं मशीन थांबलं.

जिथे पूर्वी सावली सुरू व्हायची तिथे आबांची चाल मंदावली. आणखी दोन पावलं. त्यांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि "हाऽश" केलं. गोणपाट अंथरून ते रस्त्याच्या कडेला भर उन्हात बसले.

"मास्टर, मशीन दूर कसं गयं?"

मास्टरनं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. "गटार झाली ना, आबा," तो म्हणाला. "शेठनी ओट्यावर जागा दिली."

"शेठनी? मांगितल्याबिगर?"

"आबा, मी काय सोडतो होय?" शेठ म्हणाले. "भाड्यापोटी मास्टरकडून सगळ्या घराचे पायजमे शिवून घेणार."

आबा मोठ्यानं हसले. शेठ हसले, मास्टर हसला, मीही हसलो. त्या हसण्यात सांगायची वेळ निघून गेली. त्यानंतर रोज अकराला मला वाटायचं आज सांगू, आणि रोज आम्ही तिघं पंच असल्यासारखे एकमेकांकडे बघून गप्प बसायचो.

गल्ली त्या उन्हाळ्यात बिघडली. आधी मला वाटलं माझ्याच मनाचे खेळ. पण डांबर दुपारी मऊ पडायचं, चपला चिकटायच्या, आणि रात्र झाली तरी भिंती गरम लागायच्या. ओट्यांवर बसणारी माणसं आत गेली, दारं लागली. पूर्वी कुणाचं भांडण झालं की निंबाखाली येऊन चार माणसांत विझायचं, आता ते बंद दारांआड चालू राहायचं; येता-जाता आवाज ऐकू यायचे आणि कुणाचे ते कळायचं नाही. माणसं झोपेतून उठल्यासारखी चिडकी दिसायची. नव्या ट्यूबलाइटखाली तर कुणी थांबतच नव्हतं.

आणि जुन्या सवयी जात नव्हत्या. बाजाराकडून येणारा माणूस त्या जागेपाशी आला की थोडा बाजूला वळायचा, जसा खोड चुकवायला वळायचा. रस्ता मोकळा होता, मी स्वतः मोकळा केला होता. तरी सायकलवालेसुद्धा वळायचे. संध्याकाळी चिमण्यांचा थवा यायचा, फांद्या जेवढ्या उंचीवर होत्या तेवढ्या उंचीवर घिरट्या घालायचा, खाली उतरल्यासारखा करायचा आणि फुटून जायचा. एक भाकड गाय दुपारी येऊन तापलेल्या डांबरावर बसायची, आबांपासून हातभर अंतरावर. बाकी गल्लीत डझनभर ओट्यांखाली सावली असताना.

एका रविवारी मी शेठच्या ओट्यावर जुना साइट-प्लॅन उलगडून बसलो. झाडाचा घेर, फांद्यांचा विस्तार, सगळं मी स्वतः मोजून लिहिलं होतं. किती वाजता सावली कुठवर पडेल हे मी पेन्सिलीनं काढलं. अकराला आबा बसले ते माझ्या रेघेच्या आत. साडेबाराला त्यांनी गोणपाट दोन हात पूर्वेला सरकवलं. दोनला पुन्हा. तीनला उठायच्या आधी आणखी एकदा. प्रत्येक वेळी ते रेघेच्या आत होते. गायही.

याला उत्तर आहे. इतकी वर्षं ते तिथे बसत होते, जिनच्या भोंग्यावर वेळ कळत होती, अंगाला सवय होती. मी ते उत्तर त्या दिवशीही स्वतःला दिलं होतं. मग मी उठून त्यांच्याजवळ गेलो आणि त्यांचं मनगट धरलं. माझ्या कपाळावरून घाम डोळ्यांत जात होता. त्यांचं मनगट कोरडं होतं आणि गार होतं, रांजणाला बाहेरून हात लावल्यासारखं.

"कोण, तू का?" ते म्हणाले. "बस आठे. पानं आज गप शेत."

मी बसलो. खालचं डांबर पॅन्टीतून भाजत होतं. थोडा वेळ गेला. मग मानेवर मागून काहीतरी आलं. वारा नव्हता. नुसता गारवा होता, आणि त्यात कडू वास. मी तडक उठलो आणि घरी येऊन नखं घासून धुतली.

पुढच्या आठवड्यात मास्टरही हातशिलाईचं काम घेऊन आबांशेजारी बसायला लागला. मी त्याला बाजूला घेऊन म्हणालो, "मास्टर, ऊन लागेल. पत्र्याखाली बसा."

"ऊन पत्र्याखालीच लागतं, भाऊ," तो म्हणाला. त्यानं हे टाचण्या काढून सांगितलं, म्हणजे थट्टा नव्हती.

तेव्हापासून मला झोप येईना. मला वाटायला लागलं की एक दिवस हे जे काही आहे ते संपेल, आणि आबा त्या उन्हात एकदम उघडे पडतील. चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंश उष्णता, सत्तरीचं शरीर. एकदा बायकोशी बोललो.

"मी त्यांना सांगून टाकतो."

ती भाकरी थापत होती. "का?"

"त्यांच्या जिवाला धोका आहे."

"गेला दीड महिना बसतायत. साधं डोकं दुखलं नाही त्यांचं. डोकं आपलं दुखतंय." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "तुम्हांला त्यांना वाचवायचंय, का मोकळं व्हायचंय? आधी ते ठरवा."

मी ठरवलं नाही. दुसऱ्या दिवशी, जिनचा भोंगा व्हायच्या जरा आधी, आबा गोणपाट झटकत असताना मी त्यांच्यापुढे बसलो आणि सगळं सांगितलं. साल खरवडली ते, लिहिलं ते, पालवी फुटल्यावर तोडलं ते. सांगताना मला रडू आलं आणि रडताना बरं वाटलं. आबांचे हात थांबले होते. गोणपाटाची घडी तशीच अर्धी.

त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "मंग इतला दिन मी कसाखाले बसनू?"

इतके दिवस मी कशाखाली बसलो, असं ते विचारत होते. रागानं नाही. गाई-गुरांच्या कळपात एखादं जनावर कमी का भरतंय, असं विचारावं तसं.

मी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं.

"माले तठे लई चाल," ते म्हणाले.

तिथे घेऊन चल, म्हणत होते. मी हात धरला. या वेळी त्यांनी सोडवला नाही. दारापासून तिथपर्यंत ते चाचपडत आले, दोनदा अडखळले, जिथे अडखळण्यासारखं काही नव्हतं. जागा आली तेव्हा त्यांना कळली नाही, मला सांगावं लागलं. मास्टर आणि शेठ दोघंही उठून उभे होते. आबा खाली वाकले आणि बुंधा कुठे होता ते मला विचारून त्यांनी तिथे तळहात टेकला. मी ओरडलो, पण त्यांनी हात लगेच उचलला नाही. डांबराला दाबूनच धरला, जणू काही खालून उत्तर येईल. मास्टरनं धावत येऊन त्यांना उठवलं तेव्हा तळव्यावर काळा डाग होता आणि कातडी पांढरी पडली होती.

"आबा, काय केलं हे?"

"ऊन शे, मास्टर," आबा म्हणाले. "कितलं ऊन शे आठे."

शेठनी दुकानातून धुतलेलं कापड फाडून आणलं. घरी आणेपर्यंत आबांचं अंग तव्यासारखं तापलं. त्या दिवशी त्यांना ऊन लागलं, पहिल्यांदा. कैरीचं पन्हं, कांदा, ओल्या चादरी, आठवडाभर चाललं. त्यातून ते उठले. हात बरा व्हायला पावसाळा लागला.

ते पुन्हा बाहेर बसले नाहीत. अकराचा भोंगा झाला की खाटेवर उठून बसायचे, आणि थोड्या वेळानं परत आडवे व्हायचे. चालणं तुटलं तसं बोलणंही तुटलं. गाय दोन-चार दिवस आली, नंतर तीही यायची बंद झाली. मास्टर पत्र्याखाली परतला. एकदा मी त्या जागेवर दुपारी जाऊन उभा राहिलो. मोठी रुंद सरळ सडक होती, आणि डोक्यावर ऊन होतं. माझ्या अंगाला दुसरं काहीच जाणवलं नाही. कबूल करून मी झाड दुसऱ्यांदा तोडलं, असं मला तेव्हा वाटलं, आजही वाटतं. पहिल्या वेळी निदान कुऱ्हाड दुसऱ्याच्या हातात होती.

मी हे गल्लीतल्या कुणाला विचारलं नाही, की तुम्हांलाही गार लागत होतं का. मास्टर सोडून कुणी आपणहून बोललं नाही. पण त्या जूनमध्ये तीन घरांनी गल्ली सोडली. चांगला रस्ता झाल्यावर लोक का जातात, असं साहेबांनी मला विचारलं होतं.

दुष्काळाच्या वर्षी माझी बदली धुळ्याला झाली. दुष्काळी कामांवर मी दिवसभर बाहेर असायचो. राहायला कॉलनीत घर मिळालं: दोन खोल्या, वर काँक्रीटचा स्लॅब, पुढे सारखीच सारखी दारं. सामान लावून झाल्यावर मी आबांची खाट दाराशी टाकली. ते बाहेरच्या बाजूला तोंड करून बसले. खूप दिवसांनी त्यांनी आपणहून काही विचारलं.

"भाईर काय शे?"

बाहेर मुरुमाचं मैदान होतं, पलीकडे दुसऱ्या रांगेची दारं, आणि विजेचा एक खांब. पाचोळासुद्धा नव्हता. मी त्यांच्याकडे बघितलं. तळहात मांडीवर उताणा पडला होता, मधे कातडी चकचकीत झालेली.

"एक निंब आहे, आबा," मी म्हणालो. "मोठा आहे. इथून वीस-पंचवीस पावलं असेल."

ते ऐकत होते. मी पुढे बोलत गेलो. खाली बसायला जागा आहे, माणसं बसतात, उद्या तुम्हांला वाट दाखवतो, दोन दिवसांत पाठ होईल. माझा आवाज मला ओळखू येत नव्हता, इतका तो खरा वाटत होता. आणि बोलता बोलता, देवाशपथ सांगतो, मी त्यांच्या मनगटाकडे हात नेला. गार लागतं का बघायला.

आबांनी हात काढून घेतला. हळूच.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "दार लाव. ऊन घरमा ई ऱ्हायनं."

मी दार लावलं.